कोनशिलेनंतरचा दवाखाना : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

नवे ग्रामीण रुग्णालय मंजूर झाल्याची बातमी गावात येते तेव्हा पेढे वाटले जातात, आणि ते योग्यच आहे. कळा सुरू झालेल्या बाईला जीपमध्ये घालून चाळीस किलोमीटर नेलेल्या माणसांना त्या मंजुरीची किंमत ठाऊक असते. पण मंजुरीचा कागद निघाल्यापासून पहिला रुग्ण दाखल होईपर्यंत कित्येक वर्षे जाऊ शकतात. त्या वर्षांत कुठे काय अडते, हे आपण फारसे विचारत नाही, कारण दवाखाना कसा उभा राहतो याविषयी आपले काही समज फार पक्के आहेत. त्यातले बरेच चुकीचे आहेत आणि त्यांची झळ रुग्णाला बसते.

गैरसमज : इमारत झाली म्हणजे दवाखाना झाला.

सर्वांत खोल रुजलेला समज हाच. वस्तुस्थिती अशी, की सरकारी रुग्णालयाच्या दोन वेगळ्या फायली चालतात. एक बांधकामाची. जागा आरोग्य विभागाच्या नावे होणे, नकाशे, अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश असा तिचा प्रवास. दुसरी पदनिर्मितीची. कोणती पदे, किती, नियमित की कंत्राटी, त्याला वित्त विभागाची संमती, मग शासन निर्णय, मग भरती. पहिली फाईल गावाला डोळ्यांनी दिसते. पाया खणला जातो, स्लॅब पडतो, रंग लागतो. दुसरी मंत्रालयात असते आणि तिच्या पाठपुराव्याला गावातून कुणी जात नाही. रंगवलेली, कुलूप लावलेली, व्हरांड्यात शेळ्या बसलेली इमारत दिसली, तर बहुतेक वेळा पहिली फाईल पुढे गेलेली असते आणि दुसरी मागे राहिलेली असते.

माणसे म्हणजे नुसते डॉक्टरही नव्हेत. साध्या प्राथमिक आरोग्य केंद्राला वैद्यकीय अधिकारी, परिचारिका, औषधनिर्माण अधिकारी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, आरोग्य सहायक, वाहनचालक, शिपाई, सफाई कामगार अशी पंधराच्या आसपास माणसे लागतात. यातले एक पद रिकामे राहिले तरी काहीतरी बंद पडते. तंत्रज्ञ नसला की रक्त तपासायला तालुक्याला जावे लागते. तिथे पोहोचलेला रुग्ण पुढच्या वेळी थेट तालुक्यालाच जातो.

शस्त्रक्रियागृहाबाबत तर हे फारच खरे आहे. 'ओटी आहे, मग सिझर का होत नाही?' असा प्रश्न नातेवाईक चिडून विचारतात. सिझरला स्त्रीरोगतज्ज्ञ लागतो, भूलतज्ज्ञ लागतो, बाळासाठी बालरोगतज्ज्ञ लागतो आणि रक्त साठवण्याची सोय लागते. ग्रामीण रुग्णालयाला 'प्रथम संदर्भ सेवा केंद्र' म्हणायचे, तर चोवीस तास तातडीचे बाळंतपण, नवजात बाळाची देखभाल आणि रक्तसाठा या तीन गोष्टी तिथे असायलाच हव्यात. भूलतज्ज्ञ नसेल तर लाखो रुपयांचे टेबल आणि दिवे नुसते पडून राहतात आणि गाडी 'रेफर'च्या चिठ्ठीवर पुढच्या गावी निघते.

माणसे आली तरी ती टिकली पाहिजेत. भामरागडच्या हेमलकशात १९७३ साली सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाकडे पाहा. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहायला गेले तेव्हा दवाखान्याची इमारत नव्हती. माणसे आधी आली, भिंती नंतर. सर्वांनी झोपडीत राहून रुग्णसेवा करावी, असा याचा अर्थ मी मुळीच काढत नाही. उलट, सरकारी आराखड्यात डॉक्टर आणि परिचारिकांची निवासस्थाने सर्वांत शेवटी येतात आणि निधी कमी पडला की सर्वांत आधी कापली जातात, ही चूक आहे. रात्री दोनला येणाऱ्या बाळंतिणीसाठी आवारातली दोन खोल्यांची राहती जागा हाही उपचाराचाच भाग आहे.

खर्चाचेही असेच. रुग्णालय दोन-तीन वर्षे चालवायला बांधण्याइतकाच पैसा लागतो, असा या क्षेत्रातला जुना ठोकताळा आहे. पगार, औषधे, वीज, डिझेल, यंत्रांची दुरुस्ती हे सगळे दरवर्षी लागते. बांधकामाला निधी एकदा मिळतो. चालवण्याचा निधी मात्र दरवर्षी मागावा लागतो.

गैरसमज : लोकसंख्येचा निकष पुरा झाला, की जागा कुठलीही चालते.

निकष स्पष्ट आहेत. सपाट भागात ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, ३०,००० ला प्राथमिक आरोग्य केंद्र, १,२०,००० ला ३० खाटांचे ग्रामीण रुग्णालय. आदिवासी आणि डोंगराळ भागात हेच आकडे ३,०००, २०,००० आणि ८०,००० होतात. पण हे आकडे माणसे मोजतात, वाट मोजत नाहीत. मधे नदी असेल, घाट असेल, पावसाळ्यात पूल बुडत असेल, तर नकाशावरचे आठ किलोमीटर अर्ध्या दिवसाचे होतात. बाळंतपणानंतर अतिरक्तस्राव सुरू झाला, तर उपचाराविना त्या बाईच्या हातात साधारण दोन तास असतात. जागा ठरवताना हे दोन तास समोर ठेवायला हवेत.

मोजणीतही अडचण आहे. हातात असलेली शेवटची पूर्ण जनगणना २०११ ची; २०२१ ची वेळेवर झालीच नाही. एवढ्या काळात औद्योगिक वसाहतींच्या कडेची खेडी शहरे झाली. आणि ऊसतोडीला दिवाळीनंतर अर्धे गाव उठून जाणाऱ्या बीडच्या वाड्या-वस्त्यांची गरज कोणत्या महिन्यात मोजायची, हे जनगणना सांगत नाही.

शिवाय जागा बहुधा कुणीतरी बक्षीसपत्राने दिलेली असते. देणाऱ्याची भावना मोठीच. पण गावापासून दोन किलोमीटरवरचा, पाणी न लागणारा माळ फुकट मिळाला, तरी बोअर, पाइपलाइन, रोहित्र आणि रस्ता यांचा खर्च धरता तो महाग पडतो. एसटी थांबत नाही तिथे म्हातारी माणसे पोहोचत नाहीत. बक्षीसपत्र स्वीकारण्याआधी भर उन्हाळ्यात त्या जागेवर पाणी आहे का, एवढे तरी पाहावे.

गैरसमज : खाटा वाढवल्या की सेवा वाढते.

थोडा हिशेब करू. १०० खाटांच्या रुग्णालयात रुग्ण सरासरी ५ दिवस राहत असेल, तर रोज जास्तीत जास्त २० नवे रुग्ण घेता येतात. तपासण्यांचे अहवाल त्याच दिवशी मिळाले, सुटीचे कागद दुपारपर्यंत तयार झाले आणि मुक्काम ४ दिवसांवर आला, तर त्याच खाटांत २५ रुग्ण मावतात. एकही वीट न रचता २५ खाटांचे काम झाले. ३० चे ५० आणि ५० चे १०० करण्याची मागणी सभेत टाळ्या मिळवते. पण आधीच्या खाटांवर कोण, किती दिवस आणि का थांबते आहे, हे पाहिल्याशिवाय ती करू नये.

गैरसमज : आग, ऑक्सिजन, कचरा ही नंतर बघण्याची कामे.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळे गेली. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, दाब उतरला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभाग पेटला. ११ जण गेले. एका राज्यात, एका वर्षात. हे आकडे लिहिताना आजही हात थांबतो.

रुग्णालयातला माणूस पळू शकत नाही, एवढ्या एका कारणाने त्याची इमारत कार्यालयाच्या इमारतीहून वेगळी आखावी लागते. अतिदक्षता विभागात हवेत ऑक्सिजन जास्त असतो, त्यामुळे ठिणगीची आग फार झपाट्याने पसरते. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला जिन्याने उतरवता येत नाही. म्हणून प्रत्येक मजल्याचे आगरोधक भिंती-दारांनी दोन भाग करायचे, म्हणजे खाटेसकट रुग्णाला त्याच मजल्यावर पलीकडच्या सुरक्षित भागात ढकलता येते. त्यासाठी मार्गिका किमान आठ फूट रुंद हवी आणि दारे खाट जाईल एवढी. ऑक्सिजनची टाकी असली, तरी ती बंद पडताच आपोआप सुरू होणारा सिलिंडरचा दुसरा साठा जोडलेला हवा. विजेचा भार आजच्या यंत्रांवर न मोजता दहा वर्षांनंतरच्या यंत्रांवर मोजायला हवा. हे सगळे नकाशावर असताना स्वस्त असते. भिंती उभ्या राहिल्यावर ते महाग होते आणि पुष्कळदा अशक्य.

आगीसाठीचा महाराष्ट्राचा कायदा २००६ चा आहे. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारकाचे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम २०१६ चे. प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. म्हणजे तो साठवायची बंदिस्त खोली आणि तो नेणारी गाडी शिरेल असा रस्ता नकाशातच हवा. सोनोग्राफी आणि क्ष-किरण यंत्रांच्या नोंदण्या वेगळ्या. यातले काहीही उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात करण्यासारखे नाही.

गैरसमज : रुग्ण येत नाहीत, कारण लोक अडाणी आहेत.

हा समज मला सर्वांत जास्त खुपतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने रुग्णालय बांधायचे ठरवले, तेव्हा त्यांनी आधी गोंड आदिवासींनाच विचारले, की तुम्हाला दवाखाना कसा हवा? मोठ्या इमारतीत भीती वाटते, नातेवाइकांना बाहेर काढतात, हे लोकांनी सांगितले. म्हणून शोधग्राममधले रुग्णालय आदिवासी गावासारखे, झोपड्यांच्या रचनेत उभे राहिले. रुग्णासोबत घरच्यांना राहायची सोय झाली. नावही लोकांच्या देवीचे: माँ दंतेश्वरी दवाखाना. माणसे तिथे आली. वास्तुविशारदाला जे कळले नसते, ते वापरणाऱ्यांनी सांगितले होते.

आपल्या तालुक्यातही हे करता येईल. नातेवाइकांना स्वयंपाकाला जागा, बायकांना कडी लागणारे संडास, बाह्यरुग्ण विभागाबाहेर सावली, चाकाची खुर्ची चढेल असा उतार, हे सारे नकाशा मंजूर होण्याआधी बोलायचे असते.

म्हणून तुमच्या भागात रुग्णालय मंजूर झाले असेल, तर पुढच्या ग्रामसभेत विषय मांडा. पदनिर्मितीचा शासन निर्णय निघाला का, पाण्याचा स्रोत कोणता, निवासस्थाने याच टप्प्यात आहेत का, आगीच्या यंत्रणेचा खर्च अंदाजपत्रकात धरला आहे का, हे विचारा. उत्तरे ठरावात लिहून घ्या आणि ठरावाची पोच घ्या. उत्तरे मिळाली नाहीत, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. त्याला १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.