अर्धी पाळी जादूची
संगणकावरच्या जुन्या भूमिकाप्रधान खेळांत, म्हणजे आरपीजींत, पात्र घडवताना आधी त्याचा पेशा ठरवावा लागतो: योद्धा, जादूगार, पुरोहित की चोर? खेळणारे याला ‘क्लास’ म्हणतात. ही विभागणी कागद आणि फाशांवर खेळल्या जाणाऱ्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या खेळातून आली. तलवार चालवणाऱ्याला मंत्र येत नाहीत आणि जादूगाराला चिलखत घालता येत नाही. मग दोन्ही हवे असेल तर?

‘पूल ऑफ रेडियन्स’पासून (१९८८) सुरू झालेल्या खेळांच्या मालिकेत आणि ‘बाल्डर्स गेट’मध्ये (१९९८) त्याला दोन वाटा आहेत. समजा, कापड कारखान्यातला एखादा कारागीर अर्धी पाळी लूमवर आणि अर्धी एम्ब्रॉयडरी मशीनवर काढू लागला, तर तो ‘मल्टी-क्लास’. ही सोय एल्फ, ड्वार्फ अशा मानवेतर पात्रांना आहे. मिळालेले अनुभवाचे गुण दोन्ही पेशांत निम्मे-निम्मे वाटले जातात. माणसाची वाट ‘ड्युअल-क्लास’ची. त्याने लूम कायमचे सोडायचे, नवे काम पहिल्या पायरीपासून शिकायचे आणि त्यात जुन्या पायरीच्या पुढे जाईपर्यंत जुन्या कसबाला हात लावायचा नाही.

गुण निम्मे झाले म्हणजे ताकदही निम्मी होईल, असे वाटते. तसे होत नाही, कारण सुरुवातीला प्रत्येक पायरीला आधीच्या साधारण दुप्पट गुण लागतात. ‘बाल्डर्स गेट’मध्ये ६४,००० गुणांवर निव्वळ योद्धा सातव्या पायरीवर असतो. तेवढ्याच गुणांचा योद्धा-जादूगार ३२,००० गुणांत सहाव्या पायरीचा योद्धा होतो आणि उरलेल्या ३२,००० मध्ये पाचव्या पायरीचा जादूगारही. एक पायरी देऊन अख्खी जादू पदरात पडते. सौदा उघडच स्वस्त आहे.

ड्युअल-क्लासमध्ये मात्र हिशेब चुकला की दंड जबर. मूळ ‘बाल्डर्स गेट’मध्ये गुणांची मर्यादा ८९,००० होती आणि जादूगाराच्या आठव्या पायरीला ९०,००० लागत. सातव्या पायरीवर तलवार खाली ठेवून जादू शिकायला गेलेल्या योद्ध्याला ती तलवार त्या खेळात पुन्हा कधीच मिळत नसे. हजार गुण कमी पडत! पुढच्या वर्षी आलेल्या पुरवणी भागाने मर्यादा १,६१,००० केली.

मंत्रांचा विक्षिप्तपणा याहून मजेशीर. मंत्र आधी पाठ करायचा आणि वापरला की तो विसरला जायचा, ही कल्पना लेखक जॅक व्हान्स यांच्या कथांमधली. ‘फायरबॉल’ आपला-परका पाहत नाही. ‘लाइटनिंग बोल्ट’ भिंतीवर आपटून उलटा फिरतो. अरुंद बोळात तो सोडणारा स्वतःच भाजतो. ‘हेस्ट’ने हालचाल दुप्पट वेगाने होते, पण ‘पूल ऑफ रेडियन्स’च्या मालिकेत त्यापायी वय एक वर्षाने वाढे. ‘वेब’चे जाळे सगळ्यांनाच अडकवते, अंगावर अशा बंधनांपासून वाचवणारी ‘फ्री अ‍ॅक्शन’ असलेला योद्धा मात्र त्यात मोकळा फिरून शत्रूंना कापत सुटतो. सर्वांत निर्दय म्हणजे ‘विझर्ड्री’ (१९८१) या खेळातला ‘मालोर’ हा मंत्र. त्याने हव्या त्या जागी पोहोचता येते, पण जागेचे आकडे चुकले तर अख्खी टोळी खडकात गाडली जाते.

२००० साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची तिसरी आवृत्ती आली आणि कोणत्याही वंशाच्या पात्राला पायरीगणिक पेशा निवडता येऊ लागला. त्याच वर्षी आलेला ‘बाल्डर्स गेट २’ मात्र जुन्याच नियमांवर चालला.