मुका ठेका

चित्रपटातील वरातीचा प्रसंग आपण सर्वांनी पाहिलेला आहे. हलगी कडाडत असते, पोरे बेभान होऊन नाचत असतात आणि त्या गर्दीच्या कडेला नवरीचा बाप आपल्या व्याह्याशी हलक्या आवाजात काही बोलत असतो. ते बोलणे आपणास शब्दन्‌शब्द ऐकू येते. खऱ्या वरातीत शेजाऱ्याच्या कानाशी ओरडले तरी त्याला कळत नाही, हा आपला नित्याचा अनुभव. मग पडद्यावर हे साधते कसे? उत्तर सोपे आहे. चित्रण चालू असताना हलगी वाजतच नसते. वाजविणारा काडी कातड्यापासून बोटभर अंतरावर फिरवितो, टाळ्या पिटणारे तळहात जुळू देत नाहीत, आणि वाद्यांचा गजर मागाहून मिसळला जातो.

परंतु या उत्तरातून दुसरा प्रश्न उभा राहतो. पन्नास माणसांनी शांततेत एका लयीत नाचावे कसे? गाणे बंद झाल्यावर आठदहा मात्रांपर्यंत लय अंगात राहते. पुढे कोणी घाई करतो, कोणी रेंगाळतो, आणि मागाहून जोडलेल्या गाण्याशी कोणाचेच पाऊल जुळत नाही. या अडचणीवर ध्वनिमुद्रणाच्या जाणकारांनी काढलेला तोडगा मोठा मनोरंजक आहे. ते गाणे बंद करतात, पण त्याचा ठेका चालू ठेवतात. तोही इतक्या खर्जात, की माणसाच्या बोलण्याला त्याचा स्पर्श होऊ नये. इंग्रजी चित्रपटव्यवसायात याला थंप ट्रॅक म्हणतात. आपण त्याला मुका ठेका म्हणू.

एवढा खटाटोप कशासाठी, हे कळण्यास थोडे मागे गेले पाहिजे. 1931 साली ‘आलम आरा’ हा आपल्याकडील पहिला बोलपट पडद्यावर आला, तेव्हा गाणे आणि चित्रण एकाच वेळी होई. वादकांना दृश्याच्या आडोशाला दडवून बसवीत. पुढच्याच वर्षी प्रभातने कोल्हापुरात ‘अयोध्येचा राजा’ काढला. त्यात गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे कॅमेऱ्यासमोर स्वतः गायिले. 1935 साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ‘धूप छाँव’मध्ये पार्श्वगायनाची पद्धत आणली. तेव्हापासून गाणे आधी मुद्रित करावयाचे आणि चित्रणाच्या जागी लाउडस्पीकरवरून वाजवावयाचे, हा परिपाठ पडला. पुढे हलके पण खडखडाट करणारे कॅमेरे आले आणि संवादही जागेवर टिपण्याचे सोडून देण्यात आले. नट महिन्या-दोन महिन्यांनी मुंबईच्या एखाद्या बंद खोलीत उभा राही आणि पडद्यावरील स्वतःच्या ओठांकडे पाहून तेच वाक्य पुन्हा म्हणे. ही डबिंगची रीत आपल्याकडे काही दशके राज्य करीत होती. 2001 सालच्या आशुतोष गोवारीकर यांच्या ‘लगान’ने जागेवरचा आवाज टिपण्याची पद्धत पुन्हा प्रतिष्ठेस चढविली, त्या चित्रपटाच्या ध्वनिकामास राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

जागेवरच्या आवाजाचे महत्त्व आमच्या सीमाभागातील माणसास विशेष जाणवावे. भालकी तालुक्यातील मेहकर घ्या. (हे मेहकर बुलढाण्याचे नव्हे, बीदर जिल्ह्यातले.) 1956 च्या राज्यपुनर्रचनेत हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. भालकी, औराद, बसवकल्याण, पलीकडे कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद, या पट्ट्यात घरोघर मराठी बोलली जाते. पण ती पुण्याची मराठी नव्हे. तिच्यात कानडीचा हेल आहे, दखनीचे शब्द आहेत, वाक्याच्या शेवटी आवाज कोठे उचलावा आणि कोठे सोडावा याची तिची स्वतःची रीत आहे. अशा गावी वरातीचा प्रसंग चित्रित झाला आणि त्यात गावचाच एखादा म्हातारा दोन वाक्ये बोलला, तर ती दोन वाक्ये तेथेच, त्याच दमात टिपली गेली पाहिजेत. त्याला महिन्याने मुंबईस नेऊन काचेच्या खोलीत उभे केले तर शब्द तेच येतील, पण हेल येणार नाही. बहुधा दुसऱ्याच कोणाचा तरी आवाज त्याच्या तोंडी बसविला जाईल. बोली अशीच पडद्यावरून पुसली जाते, आणि पुसणाऱ्यास त्याची दादही नसते.

आता या ठेक्याचे मर्म पाहू. रात्रीच्या वेळी दोन कोसांवरच्या गावी लग्न असले, तर आपल्यापर्यंत काय पोचते? सनई पोचत नाही, गाण्याचे शब्द पोचत नाहीत. पोचते ती ढोलाची धमक. उंच पट्टीचे स्वर हवा, झाडे आणि भिंती लवकर गिळून टाकतात; खर्ज त्यांना दाद देत नाही. तो कानाइतकाच छातीलाही जाणवतो. मुका ठेका याच गुणावर उभा आहे. आवाजाची पट्टी सेकंदास होणाऱ्या कंपनांवर ठरते. पुरुषाचे साधे बोलणे सुमारे 85 कंपनांपासून वर सुरू होते, स्त्रीचे सुमारे 165 पासून. तेव्हा ठेका 40 कंपनांच्या आसपास ठेवला, की तो बोलण्याच्या खाली चांगले एक सप्तक राहतो. मुद्रणानंतर 80 च्या खालचे सारे गाळून टाकले, की ठेका जातो आणि बोलणे राहते. तांदूळ चाळणीत राहावा आणि कणी गळून पडावी, तसे.

मग आणखी खाली, 20 कंपनांवर का जाऊ नये? कारण तेथे आपला कानच थकतो. खर्जाच्या बाबतीत मनुष्याचा कान फार मंद आहे, हे फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1933 साली मोजून दाखविले. हजार कंपनांचा स्वर जेमतेम ऐकू यावा यास जेवढी शक्ती लागते, तिच्या सुमारे एक लाख पट शक्ती 40 कंपनांचा स्वर जेमतेम ऐकू येण्यास लागते. म्हणूनच या कामी जत्रेतील कर्णा निरुपयोगी ठरतो. खास खर्जासाठी बांधलेला मोठा स्पीकर, ज्याला सबवूफर म्हणतात, तोच हवा. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापून त्याचा आवाज जड करतात, त्यातलाच हा प्रकार. हलणारी वस्तू जड आणि मोठी असल्यावाचून खर्ज निघत नाही.

ठेका तयार करणे दिसते तेवढे सोपे नाही. सरळ ढोलाचा आवाज घेऊन चालत नाही, कारण ढोलावर थाप पडताच खर्जाबरोबर कडक असा उंच आवाजही उमटतो, आणि तो गाळणीतून सुटून बोलण्यात शिरतो. म्हणून निखळ, एकाच कंपनसंख्येचा स्वर घ्यावा लागतो. तो एकदम सुरू केला आणि एकदम तोडला, तरी सुरुवातीस व शेवटी ‘टक्‌’ असा आवाज होतोच. यास्तव प्रत्येक ठोका हळूच उगवावा आणि हळूच मावळावा लागतो. सेकंदाचा आठवा भाग एवढा ठोका ठेवला तर त्यात 40 कंपनांच्या हिशेबाने पाच आंदोलने बसतात. याहून आखूड केला तर स्वर विस्कटून वर पसरतो. फार लांबविला तर एक ठोका दुसऱ्यात मिसळून नुसती घरघर होते. मिनिटास 120 मात्रांची लय असली तर ठोके अर्ध्या सेकंदाच्या अंतराने, म्हणजे फिल्मच्या बारा-बारा चौकटींनी पडतात.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. यंत्राला लय सांगून सारखे ठोके पाडून घेणे सोपे असते, पण आमचा हलगीवाला यंत्र नाही. रंगात आला की तो लय चढवितो, आणि तीच त्याची शोभा. तेव्हा मूळ गाणे ऐकत प्रत्येक मात्रेची खूण करून ठोका त्या खुणेवरच बसवावा. केरव्याच्या आठ मात्रांपैकी पहिली अंमळ जोरकस ठेवली, म्हणजे सम कोठे आहे ते नाचणाऱ्यास कळते. माझ्या मते जुन्या मुरलेल्या नाचणाऱ्यांना समेचा एकच ठोका पुरतो. उरलेल्या मात्रा त्यांच्या पायांत असतात.

खरी परीक्षा जागेवर होते. प्रथम गाणे पूर्ण आवाजात वाजवितात, लय अंगात भिनू देतात, मग गाणे काढून नुसता ठेका ठेवतात आणि नट बोलू लागतात. अशा वेळी वैरी कोठून येईल सांगता येत नाही. पत्र्याचे छप्पर थरथरते, फडताळातील पितळी भांडी किणकिणतात, खिडकीची सैल काच वाजते. हे आवाज खर्जाने जागे केलेले असले तरी स्वतः उंच पट्टीचे असतात, आणि कोणतीही गाळणी त्यांना अडवू शकत नाही. तेव्हा चित्रणापूर्वी ठेका लावून घरभर कान देत हिंडावे आणि किणकिणणाऱ्या वस्तूखाली चिंधी सारावी. नाचणाऱ्यांच्या पायांतील चाळही उतरवावे लागतात. स्पीकरवर फार भार टाकला तर तो स्वतःच 80 आणि 120 कंपनांचे स्वर मिसळू लागतो, म्हणून आवाज लागेल तेवढाच ठेवावा. मायक्रोफोनकडेही लक्ष हवे. खर्जाचा धक्का मोठा असला तर मुद्रणच फाटते, आणि फाटलेले मागाहून गाळून सांधत नाही.

बंद खोलीत आणखी एक चमत्कार घडतो. 40 कंपनांच्या ध्वनीची एक लाट सुमारे साडेआठ मीटर लांब असते. खोली तिच्या निम्म्याने, म्हणजे चौदा फुटांच्या आसपास लांब असली, तर भिंतींपाशी ठेका दणदणतो आणि नेमका मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. मधला नाचणारा चुकतो, दिग्दर्शक त्याच्यावर चिडतो, आणि दोष असतो खोलीच्या मापाचा. ठेका चारदोन कंपनांनी वरखाली केला, अथवा स्पीकरची जागा बदलली, की काम भागते. उघड्या मैदानात ही पीडा नाही, पण तेथे भिंतींचा आधार नसल्याने स्पीकर दुप्पट लागतात.

कानात दडविण्याची लहान यंत्रे आता मिळतात आणि दोघा-तिघांना ती सोयीची पडतात. पन्नास जणांना ती पुरवायची कोणी? मुक्या ठेक्यास एक स्पीकर पुरतो आणि गावकऱ्यास काही शिकवावेही लागत नाही.

राहिले गाळण्याचे काम. साधी गाळणी एक सप्तक खाली गेल्यावर आवाज 24 डेसिबलने उतरविते. जोरकस ठेक्याला ते अपुरे पडते, म्हणून बहुधा तीच गाळणी दोनदा फिरवावी लागते. त्यानंतरही कोठे पुसटसा ठोका उरलाच, तर त्याची फारशी चिंता नसते. शेवटी खरी हलगी आणि खरा ढोल त्याच मात्रांवर चढविले जातात, आणि उरलेला ठोका ढोलाच्या थापेखाली झाकला जातो. म्हाताऱ्याचे बोलणे मात्र जसे त्या रात्री निघाले तसेच वर राहते.