मूल सांभाळणारी घरे
बी. ए. द्वितीय वर्ष

समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात कुटुंबसंस्थेवर एक स्वतंत्र प्रकरण असते. एकत्र कुटुंब, विभक्त कुटुंब, मातृसत्ताक, पितृसत्ताक असे प्रकार आपण पाठ करतो आणि परीक्षेत उतरवून मोकळे होतो. परंतु ज्या मुलाला कुटुंबच उरले नाही, किंवा कुटुंब आहे पण ते त्याला सांभाळू शकत नाही, त्या मुलाचे पुढे काय होते, याचे उत्तर त्या प्रकरणात सापडत नाही. आपल्याला सर्वसाधारणपणे दोनच वाटा ठाऊक असतात. एक बालगृहाची आणि दुसरी दत्तकाची. या दोहोंच्या मधून जाणारी एक तिसरी वाट आहे आणि तिच्याविषयी चार गोष्टी सांगाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू.

या तिसऱ्या वाटेला कायद्याच्या मराठीत 'प्रतिपालकत्व' म्हणतात. शब्द जड आहे, कल्पना मात्र सोपी आहे. मूल काही काळापुरते दुसऱ्या कुटुंबात राहायला जाते. दत्तकात जुने नाते कायद्याने संपते आणि नवे जडते. येथे तसे होत नाही. मुलाचे नाव तेच राहते, जन्मदात्यांशी नाते तसेच राहते, आणि घरची परिस्थिती सुधारली तर त्याने परत जावे अशीच अपेक्षा असते. सांभाळणाऱ्या कुटुंबाला खर्चापोटी दरमहा काही रक्कम मिळते आणि मूल नीट आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी शासनावर असते. थोडक्यात, नंद-यशोदेचे घर. फक्त यशोदेच्या घरी कोणी चौकशीला आल्याचे वर्णन नाही, आणि येथे चौकशी हाच व्यवस्थेचा कणा आहे.

आमच्या झाडीपट्टीत मूल दुसऱ्या घरी वाढणे ही काही नवलाची गोष्ट नाही. आई-बाप गेले, की मामा नेतो, नाहीतर आजी सांभाळते. कोणी अर्ज करीत नाही, कोणी विचारीत नाही. माझ्याच घरचे उदाहरण सांगते. २०२१ साली माझी मावशी वारली. तिचे यजमान त्याआधीच गेले होते. त्यांचा आठ वर्षांचा मुलगा आमच्याकडे आला, तो आज सातवीत शिकतो. तो येऊन वर्ष होत आले तेव्हा अंगणवाडीच्या बाईंनी आईला बालसंगोपन योजनेचे नाव सांगितले, आणि घरात कागद वाचता येणारी मीच असल्यामुळे तो अर्ज माझ्याकडे आला. या विषयाशी माझी ओळख झाली ती अशी.

बालसंगोपन योजना ही महाराष्ट्र शासनाची जुनी योजना. ज्या मुलांना आई-वडील नाहीत, किंवा दोघांपैकी एकच आहे, किंवा आजारपण, तुरुंगवास, घटस्फोट अशा कारणांनी ज्यांचे घर कोलमडले आहे, त्यांना अनाथाश्रमात न पाठवता कुटुंबातच वाढवावे, हे तिचे सूत्र. मुलाच्या वयाची अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत ही मदत चालते. कित्येक वर्षे ती दरमहा ४२५ रुपये होती. कोरोनानंतर २०२१ साली ती ११०० झाली, आणि २०२३ साली योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देऊन २२५० रुपये करण्यात आली. नाव शोभणारे आहे. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि तेथे जन्मलेल्या यशवंताला आपला मुलगा मानून डॉक्टर केले, हे आपण सगळे जाणतो.

ही योजना बऱ्याच ठिकाणी स्वयंसेवी संस्थांमार्फत राबवली जाते. संस्थेच्या कार्यकर्त्याने गरजू मुले शोधायची, कागद जमवायचे, घरी जाऊन पाहणी करायची, अहवाल लिहायचा आणि नंतरही भेटी देत राहायचे. आता यासाठी संस्थेला मिळते किती? २०२३ च्या निर्णयानुसार एका मुलामागे महिन्याला २५० रुपये. पन्नास मुले असली तर साडेबारा हजार. यातूनच कार्यकर्त्याचा पगार, यातूनच एस.टी.चे भाडे, यातूनच झेरॉक्स. साकोलीहून नागझिऱ्याच्या अंगाला असलेल्या एखाद्या गावी जाऊन यायचे तर अर्धा दिवस जातो. पावसाळ्यात रोवणीच्या दिवसांत गेले तर घरी कुलूपच. म्हणून भेटी कमी होतात, असे कोणी म्हटले तर मला त्यात कार्यकर्त्याचा आळस दिसत नाही, साधे गणित दिसते.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण आपल्याकडे त्याची फार गल्लत होते. बालसंगोपनाचे पैसे घेणारी अनेक मुले आपल्या विधवा आईजवळच राहतात. ही मदत अत्यंत गरजेची आहे. पण कायद्याच्या व्याख्येत ते प्रतिपालकत्व नव्हे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे कलम ४४ असे सांगते, की प्रतिपालक कुटुंबात मुलाचे जन्मदाते किंवा दत्तक आई-वडील नसावेत. स्वतःच्या घरी राहणाऱ्या मुलाला मिळणाऱ्या मदतीसाठी त्याच कायद्यात कलम ४५ आहे, त्याला 'प्रायोजकत्व' म्हणतात. मग रक्ताचे नाते नसलेल्या घराने, केवळ इच्छेने, अनोळखी मूल सांभाळायला घेणे, हे आपल्याकडे किती घडते? फार थोडे. मुंबईच्या फॅमिली सर्व्हिस सेंटरसारख्या काही संस्थांनी हे काम चिकाटीने केले आहे, पण तालुक्याच्या गावापर्यंत ते पोचलेले नाही.

असे घर शोधायचे कसे, ही खरी अवघड गोष्ट. केंद्र शासनाने यासाठी २०१६ साली मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२४ साली त्या सुधारल्या. नव्या सूचनांनुसार इच्छुकांनी दत्तकासाठी जे संकेतस्थळ आहे त्यावरच नाव नोंदवायचे असते. पूर्वी फक्त विवाहित जोडप्यांनाच मुभा होती. आता पस्तीस ते साठ वयाच्या एकट्या व्यक्तीलाही मूल सांभाळता येते. एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी कोणालाही घेऊ शकते, एकट्या पुरुषाला फक्त मुलगा देता येतो. जोडपे असेल तर त्यांचा संसार किमान दोन वर्षे स्थिर चाललेला असावा लागतो. मुले बहुतांशी सहा वर्षांवरची, संस्थेत राहणारी, ज्यांना दत्तक घ्यायला कोणी पुढे येत नाही अशी. आणि पूर्वी पाच वर्षे सांभाळल्यावर त्या मुलाला दत्तक घेता येत असे, ती मुदत आता दोन वर्षांवर आली आहे.

नोंदणी झाली म्हणजे मूल मिळाले असे नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा कर्मचारी घरी येतो. वैद्यकीय तपासणी, पोलीस पडताळणी, उत्पन्नाचे कागद हे तर आहेच. पण त्याहून महत्त्वाचे प्रश्न तो विचारतो. मूल कोठे झोपेल? घरातल्या मुलांना ही गोष्ट मान्य आहे का? घरात दारू पिणारे कोणी आहे का? मूल का हवे आहे? या शेवटच्या प्रश्नाला 'म्हातारपणी आधार म्हणून' किंवा 'घरकामाला हातभार म्हणून' असे उत्तर आले तर अहवाल लिहिणाऱ्याने सावध व्हायला हवे. गुरे राखायला, धान कापायला फुकटचे दोन हात म्हणून मूल नेणारी घरे आपल्या भागात मुळीच नाहीत, असे आपण छातीठोकपणे म्हणू शकू काय? मला नाही वाटत. अंतिम आदेश देते ती बाल कल्याण समिती. एक अध्यक्ष आणि चार सदस्य अशी ही जिल्ह्याची समिती असते आणि तिला दंडाधिकाऱ्यांच्या पीठासारखे अधिकार असतात. भावंडे असतील तर त्यांची ताटातूट करू नये, असेही कायद्यात लिहिले आहे.

आता प्रशिक्षणाविषयी. आमच्या घरी हा शब्द मी काढला तेव्हा आजी हसली. "पोर सांभाळाले का शाळेत जावं लागते का वो?" असे तिचे म्हणणे. चार मुले वाढवलेल्या बाईचा हा प्रश्न रास्तच आहे. पण स्वतःचे मूल वाढवणे आणि दुःख पाहून आलेले मूल वाढवणे यांत फरक आहे, हे मला आमच्याच घरात दिसले. माझा मावसभाऊ आला तेव्हा पहिले काही महिने तो जेवताना पोळीचा तुकडा खिशात घालायचा आणि उशीखाली ठेवायचा. मुंग्या लागल्या तेव्हा आम्हाला कळले. आजीने त्याची दृष्ट काढली. शेजारच्या एका बाईने 'चोरीची सवय आत्ताच मोडा' असा सल्ला दिला. आई काही बोलली नाही. तिने एक स्टीलचा डबा मुरमुरे आणि गुळाने भरून त्याच्या हातात दिला आणि सांगितले, की हा तुझाच, यातले कोणी घेणार नाही, संपला की मी भरीन. चार-सहा महिन्यांनी तो डबा फडताळात तसाच पडून राहू लागला.

पुढे मानसशास्त्राच्या सरांना मी याबद्दल विचारले. ते म्हणाले, आबाळ झालेली किंवा अचानक घर तुटलेली मुले पुष्कळदा असे अन्न लपवतात. उद्या मिळेल की नाही याची ती भीती असते, चोरी नव्हे. आईला हे आपोआप सुचले. पण सगळ्यांनाच सुचेल असे नाही, आणि प्रशिक्षण हवे ते यासाठीच. अंथरूण ओले करणारे मूल, रडतच नाही असे मूल, पहिले पंधरा दिवस अगदी शहाण्यासारखे वागून मग एकदम आदळआपट करणारे मूल, यांच्या वागण्याचा अर्थ काय आणि त्या वेळी आपण काय करू नये, हे आधी कोणी सांगितलेले असले तर घर टिकते. मारू नये, त्याच्या आईबापांना नावे ठेवू नयेत, त्याची कहाणी गावभर सांगू नये. ही तिसरी गोष्ट आमच्याकडे सर्वांत कठीण. पाहुणा आला की पहिले वाक्य 'हा आमच्या मेलेल्या बहिणीचा' हेच असते, आणि मूल तेथेच उभे असते.

इंग्लंडमध्ये ही व्यवस्था खूप पुढे गेलेली आहे, पण ती एका मुलाच्या मृत्यूतून गेली. डेनिस ओनील नावाच्या बारा वर्षांच्या मुलाला सरकारने एका शेतकऱ्याच्या घरी ठेवले होते. जानेवारी १९४५ मध्ये मारहाण आणि उपासमारीने तो त्या घरात मेला. वेळच्या वेळी भेटी झाल्या नव्हत्या, असे चौकशीत निघाले. देश हादरला. कर्टिस समितीचा अहवाल १९४६ साली आला आणि १९४८ साली मुलांचा नवा कायदा झाला. आज तेथे नगरपालिका-परिषदांबरोबरच स्वतंत्र संस्थाही पालक नेमतात. त्या जाहिराती देतात, इच्छुकाच्या घरी जातात, काही दिवसांचे प्राथमिक शिक्षण देतात. मग एक समाजकार्यकर्ता काही महिने वारंवार भेटून त्या कुटुंबाचा सविस्तर अहवाल लिहितो आणि तो एका मंडळापुढे जातो. या सगळ्यापेक्षा मला एक गोष्ट विशेष वाटली. तेथे मुलासाठी एक कार्यकर्ता असतो आणि सांभाळणाऱ्या कुटुंबासाठी दुसरा. एकाने मुलाची बाजू पाहायची, दुसऱ्याने पालकांची अडचण ऐकायची. शिवाय दरवर्षी कुटुंबाचा फेरआढावा होतो. अर्थात तेथेही पालक कमी पडतात आणि मुलांना एका घरातून दुसऱ्या घरात हलवावे लागते. पैसा भरपूर असला म्हणजे प्रश्न सुटतो असे नाही, पण पैसा नसला तर तो निश्चित सुटत नाही.

आपल्याकडेही बाल न्याय नियमांत प्रतिपालक कुटुंबाच्या नियमित तपासणीची तरतूद आहे. तपासणी हा शब्द मात्र लोकांना भिववतो. आजीला शेवटपर्यंत वाटत होते, की सही केली तर सरकार पोराला उचलून नेईल. अर्जासाठी मृत्यूचे दाखले, रेशनकार्ड, आधार, शाळेचा बोनाफाईड, तहसीलचा उत्पन्न दाखला, बँकेचे पासबुक, घरासमोर उभे राहून काढलेला फोटो, एवढे सगळे जमवण्यात माझे एक सत्र गेले. एका कचेरीत एका गृहस्थांनी आईला विचारले, "यात तुमचा फायदा काय?" आई म्हणाली, "पोरगा शाळेत जाते." त्यांनी पुढे काही विचारले नाही, शिक्का मारून दिला. मला वाटते, त्या खुर्चीवर बसणाऱ्यालाही थोडे प्रशिक्षण द्यायला हरकत नाही.

पैशाची बाजू सांगितली पाहिजे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्व आणि प्रतिपालकत्व यांसाठी मुलामागे दरमहा ४००० रुपये ठरलेले आहेत. प्रायोजकत्वासाठी उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये आहे. काही सुशिक्षित माणसे म्हणतात, पैसे दिले की लोक पैशासाठी मूल घेतात. मला हा आक्षेप पोटभर जेवलेल्याचा वाटतो. धानावर जगणाऱ्या घरात एक ताट वाढते म्हणजे काय होते, ते बँडबाजाच्या भाषणात कळत नाही. आमच्याकडे ते पैसे त्याच्या वह्या, गणवेश आणि सायकलीच्या दुरुस्तीत जातात. उरले तर त्याच्या खात्यावर राहतात, आणि पासबुक तो स्वतः वाचून दाखवतो. माणुसकी आणि खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीने दुसरी भागत नाही.

अठरा वर्षे पूर्ण झाली की काय, हा प्रश्न राहतो. कायद्याच्या कलम ४६ मध्ये संस्थेतून बाहेर पडणाऱ्या तरुणांसाठी पुढील आधाराची तरतूद आहे. बालसंगोपनाची मदत मात्र अठराव्या वर्षी थांबते, म्हणजे नेमके कॉलेजात नाव घालायच्या वेळी. आपल्या वर्गात अशी मुले असतील. ती सांगत नाहीत.

गावपातळीवर यासाठी ग्राम बाल संरक्षण समिती असते. आमच्या गावात ती कागदावर आहे असे मला सांगण्यात आले. तिची बैठक मी अजून पाहिलेली नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या यंदाच्या शिबिरात आपण ज्या गावी जाऊ, तेथे या समितीत कोण आहेत हे विचारावे आणि ज्या घरांत दुसऱ्याची मुले वाढत आहेत त्यांना अर्ज भरायला मदत करावी, असा प्रस्ताव मी आमच्या प्राध्यापकांना दिला आहे. अर्ज मराठीत आहे, भरायला अर्धा तास पुरतो. कोणते मूल अडचणीत दिसले तर १०९८ हा दूरध्वनी क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. आपल्या जिल्ह्याची बाल कल्याण समिती भंडाऱ्याला बसते. साकोलीहून थेट बस आहे.