लडाखच्या थंडीत सूर्याच्या उबेवर चालणारे घर

लडाखमध्ये हिवाळ्यात पारा गोठणबिंदूच्या खूप खाली उतरतो. घर उबदार ठेवण्यासाठी लाकूड, शेणी किंवा केरोसीन जाळले जाते. इंधनाचा खर्च मोठा आणि बंद खोलीतील धुराचा धोका त्याहून मोठा. लेहजवळील फे गावातील ‘सेकमॉल’ या शैक्षणिक संस्थेच्या संकुलाने यावर वेगळा मार्ग दाखवला आहे.

येथील मुख्य इमारत दक्षिणाभिमुख आहे. लेह सुमारे ३४ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने डिसेंबरअखेरीस मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३२ अंश वर येतो. त्यामुळे त्याची किरणे दक्षिणेकडील काचांतून थेट खोलीत पोहोचतात. जूनमध्ये मात्र सूर्य सुमारे ७९ अंशांपर्यंत चढत असल्याने ऊन आत फारसे शिरत नाही.

ठोकून घट्ट केलेल्या मातीच्या जाड भिंती दिवसा उष्णता साठवतात आणि रात्री ती सावकाश परत देतात. भुसा, गवत यांसारख्या उष्णतारोधक साहित्याचा थर बाहेरून दिल्यास ही उष्णता निसटत नाही. दिवे आणि पाण्याचा पंप यांसाठी सौर वीज वापरली जाते. २०१६ मध्ये या इमारतीला मातीच्या वास्तुकलेसाठीचा आंतरराष्ट्रीय ‘टेरा’ पुरस्कार मिळाला.

उष्णतारोधक थर नसलेल्या काँक्रीटच्या भिंती मिळालेली ऊब झपाट्याने गमावतात. थर नंतरही देता येतो. घराची दिशा मात्र पाया खोदण्यापूर्वीच ठरवावी लागते आणि त्यासाठी वेगळा खर्च येत नाही.