मणक्यात ‘गॅप’ आलाय, मग व्यायाम करू का?

चिखली, तळवडे, भोसरीच्या पट्ट्यात कुठल्याही वर्कशॉपमध्ये कंबरदुखीचा विषय काढा, दोन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात. पहिलं: “एमआरआय केला, मणक्यात गॅप आलाय म्हणाले, आता वाकायचं नाही.” दुसरं: “व्यायाम कशाला? दिवसभर तेच तर करतोय.” दोन्ही वाक्यांत संशोधनाचे चांगले प्रश्न लपलेत. पीएचडीचा किंवा मास्टर्सच्या डेझर्टेशनचा विषय शोधत असाल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. आणि घरात कुणी कंबरेला पट्टा बांधून बसलं असेल तर त्यांच्यासाठीही.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. “व्यायामाने डिस्क सुधारते का?” आणि “व्यायामाने कंबरदुखी कमी होते का?” हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरंही वेगळी आहेत. बहुतेक गोंधळ हे दोन एक समजल्यामुळे होतो.

डिस्क म्हणजे नेमकं काय?

दोन मणक्यांच्या मधली गादी म्हणजे डिस्क. आत पाणी धरून ठेवणारा जेलीसारखा गाभा (न्यूक्लियस पल्पोसस), त्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखं कडं (ॲन्युलस फायब्रोसस) आणि वर-खाली कूर्चेचा पातळ थर (एंडप्लेट). गाभ्यात प्रोटिओग्लायकॅन नावाचे रेणू असतात, ते पाणी ओढून धरतात. वयानुसार ते कमी होतात, पाणी कमी होतं, गादीची उंची घटते. ज्याला लोक ‘गॅप आला’ म्हणतात त्यात प्रत्यक्षात मधली जागा बहुतेक वेळा कमी झालेली असते! शब्द उलटा, पण भीती खरी.

महत्त्वाची गोष्ट अशी की मोठ्या माणसाच्या डिस्कच्या आत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. ऑक्सिजन आणि ग्लुकोज एंडप्लेटमधून झिरपत आत जातात. दिवसभर उभं राहिलं, वजन पेललं की थोडं पाणी बाहेर जातं आणि रात्री आडवं पडलं की परत शिरतं. म्हणून सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा एखादा-दीड सेंटिमीटर जास्त भरते. म्हणजे दाब पडणं आणि सुटणं हा डिस्कच्या रोजच्या जगण्याचाच भाग आहे. “दाब म्हणजे झीज” हे समीकरण इथेच ढिलं पडतं.

दाब किती पडतो?

विल्के आणि सहकाऱ्यांचा 1999 चा पेपर या विषयात सगळीकडे दिसतो. त्यांनी जिवंत माणसाच्या डिस्कमध्ये सेन्सर बसवून दाब मोजला. झोपल्यावर साधारण 0.1 मेगापास्कल, उभं राहिल्यावर 0.5. वीस किलो वजन पाठ गोल करून उचललं तर 2.3, गुडघे वाकवून उचललं तर 1.7, आणि तेच वजन अंगाजवळ धरलं तर 1.1. म्हणजे वजन तेवढंच, पण धरण्याच्या पद्धतीने दाब निम्म्यावर येतो. कारण साधं आहे, तरफेचा नियम.

आता संशोधक म्हणून पुढचा प्रश्न विचारा: किती माणसांवर मोजलं? एका. एका निरोगी स्वयंसेवकावर. म्हणून पेपर टाकाऊ ठरत नाही, कारण अशी मोजणी करणं फार अवघड आहे. पण “दाब वाढतो” यावरून “डिस्क खराब होते” इथे उडी मारायला हा पेपर परवानगी देत नाही. त्यात फक्त दाब मोजलाय, झीज नाही.

मग झीज कशामुळे होते?

इथे फिनलंडमधला जुळ्या भावांचा अभ्यास वाचाच. बॅटी, विडेमन आणि सहकाऱ्यांनी 115 एकसारख्या जुळ्या पुरुषांच्या जोड्यांचे एमआरआय तपासले (1995). कमरेच्या वरच्या भागातल्या डिस्कमध्ये, माणसामाणसातल्या फरकापैकी फक्त 7 टक्के फरक कामाच्या शारीरिक भाराने समजावता आला. वय धरल्यावर 16 टक्के, आणि कौटुंबिक घटक धरल्यावर 77 टक्के. सगळ्यात खालच्या दोन डिस्कमध्ये, जिथे त्रास जास्त होतो तिथे, सगळं मिळून 43 टक्केच. उरलेला निम्म्याहून जास्त फरक त्यांच्या मॉडेलच्या बाहेरच राहिला.

याचा अर्थ “ओझं उचललं तरी काही होत नाही” असा काढू नका. त्यांनी मोजली ती एमआरआयवरची झीज, दुखणं नव्हे. जड उचलणं, वारंवार वाकणं-वळणं आणि बसणारे हादरे यांचा दुखण्याशी संबंध अनेक अभ्यासांत दिसतो.

आणि एमआरआयवरची झीज म्हणजेच दुखणं, असंही नाही. ब्रिंजिकजी आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये 33 अभ्यास एकत्र केले. त्यातल्या 3,110 जणांना पाठदुखी नव्हतीच. तरीही विशीतल्या 37 टक्के लोकांमध्ये डिस्कची झीज दिसली, ऐंशीच्या घरात 96 टक्के. डिस्क बाहेर फुगणं, म्हणजे रिपोर्टमधलं ‘बल्ज’, विशीत 30 टक्के. त्यामुळे चाळिशीतल्या ऑपरेटरच्या रिपोर्टमध्ये ‘डिस्क बल्ज’ लिहिलेलं असलं तर ते दुखण्याचं कारण असू शकतं, किंवा केस पिकण्यासारखं वयाचं लक्षणही असू शकतं. नुसता रिपोर्ट ते सांगत नाही, लक्षणं आणि तपासणी जोडीला लागते.

व्यायामाने डिस्क सुधारते का?

बेलावी आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये 25 ते 35 वयाच्या 79 जणांची तुलना केली. न पळणारे, आठवड्याला 20 ते 40 किलोमीटर पळणारे आणि 50 किलोमीटरच्या वर पळणारे. पळणारे किमान पाच वर्षं पळत होते. त्यांच्या डिस्कमध्ये पाण्याचं प्रमाण सुचवणारं एमआरआयचं माप, म्हणजे टी-टू, जास्त निघालं. शिवाय भरभर चालणं ते हळू धावणं या पट्ट्यातल्या हालचालीचा चांगल्या डिस्कशी संबंध दिसला.

बातम्यांत लगेच “धावल्याने डिस्क मजबूत”. पण हा क्रॉस-सेक्शनल अभ्यास आहे, एका वेळचा फोटो. पळाल्यामुळे डिस्क चांगली झाली, की डिस्क चांगली होती म्हणून ते पाच वर्षं पळू शकले?

उत्तर शोधायला रँडमाइज्ड ट्रायल लागते. तीही झाली. ओवेन आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये जुनाट कंबरदुखी असलेल्या 40 जणांवर सहा महिन्यांची ट्रायल छापली. व्यायामाने डिस्कच्या टी-टू मध्ये सुधारणा दिसली नाही.

म्हणजे पहिलं गृहीतक मेलं? नाही. डिस्कमधलं कोलॅजन बदलायला दशकं लागतात, तिथे सहा महिने म्हणजे काहीच नाही. सॅम्पल लहान, आणि आधीच दुखणाऱ्या डिस्क. प्रामाणिक उत्तर एवढंच: व्यायामाने झिजलेली डिस्क भरून येते याचा पक्का पुरावा आज नाही. “गॅप भरून देतो” अशी जाहिरात दिसली तर हे आठवा.

आणि दुखणं?

इथे चित्र वेगळं आहे. हेडन आणि सहकाऱ्यांचा 2021 चा कॉक्रेन रिव्ह्यू 249 ट्रायल्सचा आहे. जुनाट कंबरदुखीत, काहीच उपचार न घेणाऱ्या, नेहमीचे उपचार घेणाऱ्या किंवा प्लासिबो मिळालेल्या लोकांच्या तुलनेत व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं 100 पैकी सरासरी 15 अंकांनी कमी झालं. चमत्कार नाही, पण जाणवण्याइतका फरक.

2024 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ऑस्ट्रेलियातली ‘वॉकबॅक’ ट्रायल आली. कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेले 701 जण. एका गटाला फिजिओथेरपिस्टच्या मदतीने हळूहळू चालणं वाढवायला लावलं आणि पाठीबद्दल माहिती दिली, दुसऱ्या गटाला काही नाही. कामात अडथळा आणणारं दुखणं परत उलटायला चालणाऱ्या गटात मध्यक 208 दिवस लागले, दुसऱ्या गटात 112. नुसत्या चालण्याला खर्च जवळजवळ शून्य. आपल्याकडे तर रस्त्याचंच नाव स्पाईन रोड आहे, सकाळी चालायला निघा!

डिस्क तशीच राहून दुखणं कमी कसं होतं? स्नायूंची ताकद, हालचालीची भीती कमी होणं, झोप, मेंदू दुखण्याचा अर्थ कसा लावतो, असे अनेक मार्ग असू शकतात. त्यांचा नेमका वाटा किती, हा उघडा प्रश्न आहे. विषय शोधताय ना? हा घ्या.

“दिवसभर तेच तर करतोय”

आता दुसरं वाक्य. शॉपवरचं काम आणि व्यायाम, दोन्ही हालचालच. पण व्यायामात भार हळूहळू वाढतो, मध्ये विश्रांती असते, दुखलं तर थांबता येतं. लाईनवर गती मशीन ठरवतं, एकच हालचाल शेकडो वेळा होते आणि ओव्हरटाइमला विश्रांती कापली जाते. डेन्मार्कचे होल्टरमन याला शारीरिक हालचालीचा विरोधाभास म्हणतात: फावल्या वेळातली हालचाल तब्येतीला पोषक, कामावरची तशी नाही. त्यांची मांडणी मुख्यतः हृदयविकार आणि मृत्युदराबद्दल आहे. कंबरेला ती कितपत लागू पडते, हे तपासायला आपल्या औद्योगिक पट्ट्यासारखी जागा नाही.

असा अभ्यास करायचा ठरवलात तर तीन गोष्टी सांभाळा.

1. हेल्दी वर्कर इफेक्ट. ज्याची कंबर गेली तो कंत्राटी कामगार नोकरी सोडून गावी जातो. आज शॉपवर मोजाल तर मजबूत पाठीचेच लोक सापडतील आणि “जड काम निरुपद्रवी” असा खोटा निष्कर्ष निघेल. सोडून गेलेल्यांनाही शोधा.

2. भार मोजा, हुद्दा नव्हे. ‘हेल्पर’ लिहून भागत नाही. शिफ्टमध्ये किती वेळा, किती किलो, किती उंचीवरून, वळून की सरळ? टू-व्हीलरवरचा प्रवासही विचारा.

3. प्रश्नावली आपल्या जगण्याला लावून बघा. ऑस्वेस्ट्री प्रश्नावलीत बसण्याचा प्रश्न खुर्चीवरचा आहे. जमिनीवर मांडी घालणं, उकिडवं बसणं तिथे नाही. भाषांतर पुरत नाही, ते आपल्या लोकांवर तपासून घ्यावं लागतं.

आणि हे वाचून घरच्यांना सल्ला देणार असाल तर: पायातली ताकद कमी होत चालली असेल, लघवी-संडासवरचा ताबा सुटला असेल, बसण्याच्या जागेभोवती बधिरपणा असेल, किंवा ताप आणि वजन घटण्यासोबत पाठ दुखत असेल, तर व्यायाम बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बाकी बहुतेकांसाठी “वाकायचं नाही” पेक्षा “हळूहळू वाढवत चला” हा सल्ला पुराव्याच्या जास्त जवळ आहे.

पुढचा पेपर हातात आला की पहिला प्रश्न हाच विचारा: यांनी डिस्क मोजली, की माणसाचं दुखणं?