रानात जाताना बरोबर कोणता चाकू घ्याल?

दिवाळीची सुटी जवळ आली की गड-किल्ल्यांवर आणि रानावनात भटकणाऱ्या मंडळींची तयारी सुरू होते. बूट, विजेरी, दोरी, पाण्याच्या बाटल्या यांची यादी सगळ्या घरासमोर होते. चाकूची खरेदी मात्र बहुधा गुपचूप उरकली जाते. कॉलेजात जाणारा मुलगा मित्रांबरोबर बाजारात जातो आणि वीतभर पात्याचा, पाठीवर करवतीसारखे दाते असलेला, मुठीत होकायंत्र बसवलेला चाकू घेऊन येतो. तो पाहून आई घाबरते. दुसऱ्या घरात कुणाचेच लक्ष नसते आणि स्वयंपाकघरातली सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून सॅकमध्ये कोंबली जाते.

या दोन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत. शहरात बोट कापले तर कोपऱ्यावर डॉक्टर असतो. रानात तोच डॉक्टर चार तासांच्या उतारापलीकडे असतो. म्हणून हत्यार निवडताना ते किती रुबाबदार दिसते यापेक्षा ते कोणत्या कामासाठी हवे आहे, हा विचार आधी करायला हवा.

काम काय आहे?

दोन-तीन दिवसांच्या भटकंतीत चाकूची कामे मोजकीच असतात. कांदा-बटाटा चिरणे, दोरी कापणे, पाकिटे फोडणे, चिकटपट्टीचा तुकडा काढणे, फार तर तंबूच्या खुंटीसाठी एखादी वाळकी काटकी तासणे. या सगळ्यासाठी तीन ते चार इंचांचे पाते पुरते. त्याहून मोठे पाते बारीक कामात हाताच्या ताब्यात राहत नाही आणि चढणीवर त्याचे वजनही जाणवते.

मग आपले कोकणातले किंवा घाटमाथ्यावरचे शेतकरी कमरेच्या आकडीत भलामोठा कोयता अडकवून का फिरतात? कारण त्यांचे काम वेगळे आहे. त्यांना कुंपणासाठी काटेरी फांद्या तोडायच्या असतात, नारळ सोलायचा असतो, वाट मोकळी करायची असते. प्रत्येक प्रदेशाने आपल्या रानाप्रमाणे हत्यार घडवले आहे. नेपाळ आणि कुमाऊँ-गढवालच्या डोंगरातली आत वळलेली खुकरी, ईशान्येकडील बांबूच्या रानातला टोकाकडे जड असलेला दाव आणि आपला कोयता ही सारी घाव घालण्याची हत्यारे आहेत. ती लहानपणापासून हाताळणाऱ्याच्या हातात शोभतात. शहरातल्या नवशिक्याने ओल्या लाकडावर घाव घातला की पाते सटकते आणि थेट नडगीवर येते.

घडीचा की सरळ?

घडीचा चाकू खिशात मावतो आणि घरातल्या मंडळींची भीतीही कमी करतो. स्विस सैन्याला १८९१ पासून कार्ल एल्सनर यांनी घडीचे चाकू पुरवायला सुरुवात केली आणि १८९७ मध्ये कात्री-करवतीच्या घराण्यातला तो प्रसिद्ध ‘ऑफिसर’ चाकू आला. आजही बहुतेक भटक्यांना कात्री, डबा फोडणी आणि लहान करवत असलेला असा एक चाकू पुरेसा होतो. मात्र ज्या घडीच्या चाकूचे पाते उघडल्यावर कुलूपबंद होत नाही, त्याने टोचण्याचे किंवा जोर लावून दाबण्याचे काम करू नये. पाते मिटते आणि बोटांवर येते. घेताना दुकानातच उघडून पाहावे. उघडलेले पाते बाजूला हलत असेल तर तो चाकू परत करावा.

सरळ, न मिटणारा चाकू अधिक भक्कम असतो. तो घेताना पात्याचा किती भाग मुठीच्या आत गेला आहे ते विचारावे. मुठीच्या टोकापर्यंत गेला असेल तर उत्तम. १९८२ च्या ‘फर्स्ट ब्लड’ चित्रपटानंतर पोकळ मुठीच्या चाकूंचे पेव फुटले. त्यांच्या स्वस्त नकलांत पाते जेमतेम इंचभर आत असते आणि जोर पडताच मुठीपासून तुटते. म्यान घट्ट बसणारे हवे. उलटे धरून हलवले तरी चाकू खाली पडता कामा नये.

लाकूड कापायचेच असेल तर कुऱ्हाडीपेक्षा घडीची लहान करवत घ्यावी. मनगटाएवढे वाळलेले लाकूड ती सहज कापते. तिच्यात घाव घालायचा नसल्याने हात-पाय सुरक्षित राहतात.

पोलाद कोणते?

गावचा लोहार अनेकदा ट्रकच्या जुन्या कमानपाट्याच्या पोलादापासून कोयते-सुऱ्या घडवतो. हे कार्बनयुक्त पोलाद धार छान धरते, दगडावर लवकर पाजवता येते, पण गंजते. लिंबू, चिंच, कोकम लागले की काळे पडते. स्टेनलेस पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते, त्यामुळे ते सहसा गंजत नाही. पावसाळी भटकंतीसाठी आणि निगा राखण्याचा कंटाळा असणाऱ्यांसाठी स्टेनलेसच बरे. कार्बनचा चाकू असेल तर वापरल्यावर पुसून खोबरेल तेलाचा हात द्यावा आणि ओल्या चामड्याच्या म्यानात ठेवू नये.

बोथट चाकू सुरक्षित असतो ही समजूत चुकीची आहे. बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि जोराने ते सटकते. धार लावताना पात्याची पाठ दगडापासून साधारण वीस अंश उचलावी. अंदाज येत नसेल तर कागदाचा काटकोनी कोपरा दोनदा दुमडा, साडेबावीस अंशांचा कोन हाती येतो. धार अंगठ्यावर तपासू नये, कागद कापून पाहावा.

हाताळण्याची शिस्त

आपल्या घरात विळी स्थिर असते आणि भाजी हलते. चाकूचे उलटे आहे, म्हणून विळीवर तरबेज असलेल्या हातालाही थोडा सराव हवा. कापताना पाते नेहमी शरीरापासून दूर न्यावे. मांडीवर काही ठेवून कापू नये, कारण मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते. हात लांब करून फिरवला असता ज्याला लागेल, त्याला आधी दूर व्हायला सांगावे. चालताना हातात उघडा चाकू नको. मुलांना चाकू द्यायचाच तर मोठ्यांसमोर, बसून आणि एकाच कामासाठी द्यावा.

तरीही कापलेच तर स्वच्छ कापडाने जखम दहा मिनिटे सलग दाबून धरावी. कापड उचलून पाहत राहू नये. हात वर ठेवावा. हळद, माती, चुना भरू नये. रक्त थांबत नसेल, बोट वाकत नसेल किंवा बधिर झाले असेल तर भटकंती तिथेच संपवून दवाखाना गाठावा. जखमेत माती गेली असेल आणि धनुर्वाताची शेवटची लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील तर ती पुन्हा घ्यावी लागते.

कायदा काय म्हणतो?

शस्त्र नियमांनुसार नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू धारदार शस्त्रांत मोडतात. घरगुती किंवा शेतीकामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. परंतु शेतातल्या शेतकऱ्याचा कोयता आणि शहरातल्या बसमध्ये तरुणाच्या सॅकमधला कोयता पोलीस एकाच नजरेने पाहत नाहीत. शिवाय अधूनमधून शस्त्रबंदीचे आदेश लागू असतात. विमानात चाकू हातातल्या सामानात चालत नाही, तो मोठ्या बॅगेत द्यावा लागतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. यातल्या ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत चाकूही येतो आणि लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेण्यास मनाई आहे. हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, वासोटा ही आपली लाडकी ठिकाणे अभयारण्यांतच आहेत. तिथे जाताना भाजी घरूनच चिरून न्यावी आणि काही न्यायचेच असेल तर वनखात्याच्या चौकीवर आधी विचारावे. अभयारण्यात आग पेटवायलाही बंदी आहे, तेव्हा सरपणासाठी कोयता नेण्याचे कारणच उरत नाही.

काठीसाठी कारवी तोडण्याची सवयही सोडायला हवी. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि वाळून जाते. फुलण्याआधी तोडलेले झुडूप त्या फेरीत बीच धरत नाही. काठी घरूनच नेलेली बरी.

यंदा मुलगा-मुलगी रानात निघाले की त्यांच्या सॅकमधला चाकू लपवायला लावू नका, समोर ठेवायला सांगा. कशासाठी नेतोस, धार लावता येते का, जातोस ते अभयारण्य आहे का, असे तीन प्रश्न विचारा. उत्तरे नीट मिळाली तर छोटा चाकू, जखमेच्या पट्ट्या आणि एक शिट्टी देऊन निर्धास्तपणे निरोप द्या.