मागच्यात मिळवा, पुढचे मिळेल

मुलांनो, सातचा पाढा म्हणताना 'सात सक बेचाळीस' येथे तुम्ही अडखळलात, तर काय करता? बेचाळिसांत सात मिळविता, आणि एकोणपन्नास हे उत्तर हाती येते. गुणाकार करावाच लागत नाही. पाढ्यात दोन संख्या बरोबरीने चालतात. पहिली एकेकाने वाढते, दुसरी सातासातांनी.

संगणकातही असेच घडते. एकच कृती पुनःपुन्हा करावयाची असली, म्हणजे आज्ञावलीत तिचे आवर्तन लिहितात. प्रदक्षिणा घालताना आजी दर फेरीला एक दाणा बाजूस ठेवते. त्याचप्रमाणे संगणक प्रत्येक फेरीस एका चलाचे मूल्य एकाने वाढवितो. त्याच्या जोडीने ठराविक अंतराने वाढणारे इतरही चल असतात. या सर्वांस 'विगमन-चल' म्हणता येईल. फेरीच्या क्रमांकास दर वेळी 7 ने गुणण्यापेक्षा मागील उत्तरात 7 मिळविणे सोपे असते.

ही युक्ती आजच्या संगणकाहून जुनी आहे. 1821 साली इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज व जॉन हर्शेल हे दोघे मित्र हाताने केलेली खगोलशास्त्रीय कोष्टके तपासीत होते. त्यांत त्यांना चुकांमागून चुका आढळल्या. त्या काळी खलाशी अशाच कोष्टकांच्या आधारे समुद्रात आपले स्थान ठरवीत. एखादा अंक चुकला, तर जहाज खडकावर जाण्याचे भय असे. हे काम यंत्राकडून करवून घ्यावे, असे बॅबेजने ठरविले.

त्याच्या यंत्राला बेरीज तेवढी पुरेशी होती. वर्गसंख्याच पाहा : 1, 4, 9, 16, 25. त्यांच्यातील फरक 3, 5, 7, 9 असे आहेत, आणि हे फरक दोन-दोनांनी वाढतात. म्हणून फरकात 2 मिळवावे, तो फरक मागील वर्गात मिळवावा, की पुढील वर्ग तयार! 1822 साली बॅबेजने आपल्या यंत्राची लहान प्रतिकृती दाखविली. परंतु संपूर्ण यंत्र त्याच्या हयातीत पुरे झाले नाही. पुढे लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने त्याच्या नंतरच्या आराखड्यांवरून 1991 साली त्याचे गणन करणारे यंत्र उभारले, आणि ते अचूक चालले.

मात्र या युक्तीत एक धोका आहे. 42 च्या जागी चुकून 43 धरले, तर पुढची सर्व उत्तरे चुकतात. म्हणून दोन गोष्टी पारखून घ्याव्या लागतात. आरंभ बरोबर आहे काय? आणि कोणत्याही बरोबर उत्तरावरून टाकलेले पुढचे पाऊल बरोबरच पडते काय? या दोन्ही गोष्टी सिद्ध झाल्या, की शंभरावे उत्तर काय किंवा लाखावे काय, प्रत्येक उत्तर बरोबर असल्याची खात्री पटते. विचाराच्या या रीतीस गणिती विगमन म्हणतात.

आता पुढील प्रश्न स्वतः सोडवा. 25 च्या पुढील वर्ग गुणाकार न करता काढा. नंतर गुणाकार करून तो ताडून पाहा.